बुलेटच्या मानेचे तीन टाके

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहतो, म्हणजे हे मध्येच तोंडातून बाहेर पडायला नको. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि माझ्या घरातल्या कोणालाही हे वाचता येणार नाही म्हणून.

हे दुसरं कारण जरा समजावून सांगायला हवं. आम्ही तंजावरचे. मराठी राजांच्या वेळी इकडे आलो ते इथलेच झालो. घरात मराठी बोलतो, म्हणजे आमची ती जुनी मराठी, तिच्यात निम्मं तमिळ. पण लिहितो-वाचतो ते तमिळच. देवनागरी वाचणारी माणसं आमच्या सगळ्या नातेवाइकांत मिळून दोन-तीन असतील. मला लहानपणी एका काकांनी धरून बसवून शिकवली. पुढं कोल्हापूरला एका गॅरेजात सहा वर्षं काढली, तिथं ती पक्की झाली. तिथले लोक माझ्या ‘येतों-जातों’ला पोट धरून हसायचे, म्हणून मी त्यांच्यासारखं बोलायला शिकलो, लिहायलाही शिकलो. आता ही वही दिवसभर टेबलावर उघडी पडली तरी मीनाक्षी, माझी बायको, तिच्यावर कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, ठेवून निघून जाईल. कबुली द्यायची, आणि ती घरात कोणाला वाचता येणार नाही अशा अक्षरांत द्यायची — याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी तर याला घाबरटपणाच म्हणतो.

माझ्याकडे बघून कोणी मला घाबरट म्हणणार नाही. मिशा आहेत, दंड आहेत, हातावर ठिणग्यांचे डाग आहेत. कीळवासलजवळ माझं वर्कशॉप आहे. जुनी बुलेट घ्यायची, ती पार सांगाड्यापर्यंत उघडायची आणि गिऱ्हाइकाच्या मनातली गाडी तिच्यातून बांधायची, हा माझा धंदा. कोल्हापूरहून परत आलो तेव्हा वडील म्हणाले होते, चांगली गाडी कापायला कोण वेडा तुझ्याकडे येणार? पहिली दोन वर्षं त्यांचं म्हणणं खरंच होतं. मग एक आला, त्याची गाडी बघून दुसरा आला. आता चेन्नईहून, बंगळूरहून माणसं येतात. मी आधी कागदावर काही काढत नाही. खडू घेऊन वर्कशॉपच्या फरशीवर अख्खी गाडी काढतो, खऱ्या मापाची, आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, ये, हिच्यावर बसून बघ. मीनाक्षी म्हणते, आम्ही बायका दारात रांगोळीचं कोलम घालतो आणि तुम्ही आत घालता.

आणि माझं नाव झालं ते एका गोष्टीमुळं. माझा सांधा दिसत नाही. नळी कुठं कापली, कुठं जोडली, हे बोट फिरवून सुद्धा सापडत नाही. दुसरे कारागीर माझ्या गाडीपाशी उकिडवे बसून सांधा शोधतात. मला त्याचा फार गर्व होता. अजूनही आहे. का सांगतोय हे? कारण सांधा दिसत नाही म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मल्हारी आमच्याच गल्लीतला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणतो. पापनाशमच्या एका शाळेत गणित शिकवतो. त्याच्या वडिलांची बुलेट वडिलांच्या मागं तशीच धूळ खात पडली होती. बारा वर्षांपूर्वी तो ती ढकलत माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, ही मला रोज चालवायची आहे, पण पुढनं लांब हवी, ऐटीत. गाडी पुढनं लांब करायची तर तिची मान कापावी लागते. मान म्हणजे हँडल जिच्यात बसतं ती जाड नळी. ती सांगाड्याला दोन ठिकाणी जोडलेली असते, वरून एक नळी येते, खालून एक. दोन्ही कापायच्या, मान तिरकी करायची आणि परत जोडायची. सगळ्या गाडीत याहून नाजूक जागा नाही. तिथला सांधा सुटला, तर पुढचं चाक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

काम करायची रीत अशी असते. आधी नुसते टाके मारायचे, वेल्डिंगचे छोटे ठिपके, कपड्याला कच्चा टाका घालतात तसे. मग कोन बघायचा, दोरी लावून चाकं एका रेषेत आहेत का ते बघायचं. सगळं जमलं की मग सांधा गोल सगळीकडून भरायचा. मी वरचा सांधा भरला. खालचा टाक्यांवर ठेवला. तीन टाके. तेवढ्यात खंडे नवमी आली.

आमच्याकडे ती मोठी. इथं सगळं गाव त्या दिवशी आयुधपूजा करतं, पण आमच्या घरात पूर्वी तलवारी पुजायचे, आता पाने आणि हातोडे पुजतो. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन, चंदन-कुंकू लावून मांडायची. वेल्डिंगच्या मशीनलाही हार. एकदा मांडली की दशमीची पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, एक खिळाही ठोकायचा नाही. मी मनात ठरवलं, दशमीला शुभारंभ मल्हारीच्या गाडीनंच करू, खालचा सांधा भरून. आणि दशमीलाच मल्हारीच्या सुभद्रेची पहिली अक्षरं होती. चार वर्षांची पोर. ताटात तांदूळ पसरून तिचं बोट धरून लिहवायचं, तर मल्हारी म्हणाला, अण्णा, तुम्हीच धरा तिचं बोट, तुम्हाला देवनागरी येते, एखादं अक्षर त्यातलंही लिहवा. मी गेलो. तिचं बोट धरून तांदळात ‘श्री’ काढला. दुपारी तिकडंच जेवलो. वर्कशॉप उघडलंच नाही. शुभारंभ राहिला.

आमचा रंगारी ख्रिस्ती होता. त्याला नवमी-दशमीची सुट्टी नव्हती. वर्कशॉपची एक किल्ली त्याच्याकडे असायची. मी त्याला सणाच्या आधी म्हणालो होतो, मल्हारीचं लवकर उरकायचं आहे. त्यानं आपला मल्हारीचा सांगाडा उचलला, घरी नेला, दोन दिवस राबून पुट्टी लावली, घासली, वर प्रायमर मारला आणि परत आणून ठेवला. मी परत कामाला आलो तेव्हा सांगाडा भिंतीला टेकून उभा होता. गुळगुळीत, राखाडी, देखणा.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. खालचा सांधा मी भरला होता का?

मी मानेवरून बोट फिरवलं. काही कळेना. कसं कळणार? रंगाऱ्यानं माझ्याच पद्धतीनं पुट्टी घासली होती. हातोडीनं टकटक केलं. वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे सारखेच वाजले. मग मी आठवायला लागलो. कदाचित अष्टमीच्या दुपारी भरला असेल. भरला असेल, त्या दिवशी मी मशीनवर होतो खरा. पण कोणती नळी? — खरं सांगू? मला माहीत होतं. हाताला माहीत असतं. सांधा गोल भरताना मला त्या खालच्या जागी पाठीवर निजावं लागतं, आणि त्या आठवड्यात मी एकदाही पाठीवर निजलो नव्हतो. पण माणूस स्वतःशी किती हळू आवाजात बोलू शकतो! भरला असेल, म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, भरला होता. तिसऱ्या दिवशी नुसतं ‘भरलाच की’.

ग्राइंडर लावून चार बोटं रंग उडवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. का नाही उडवला? रंगारी तिथंच उभा होता. त्याला सांगावं लागलं असतं की मी, ज्याचा सांधा दिसत नाही असा मी, सांधा भरायला विसरलो. तो चार जणांत हसला असता. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी बारा वर्षं शोधतोय, मिळालेलं नाही.

गाडी तयार झाली. काळी, लांब, वर बारीक सोनेरी रेघ. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं कापूर ओवाळला, नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. मल्हारीनं किक मारली, लिंबं चिरडली, गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन वळून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

त्या दिवसापासून भीती माझ्या घरात राहायला आली. मल्हारी रोज सकाळी पावणेआठला गल्लीतून जायचा. आवाज यायचा आणि माझा घास तोंडातच थांबायचा. आवाज कोपऱ्यावर वळायचा, लांब जायचा, मग मी घास गिळायचा. संध्याकाळी परत तो आवाज येईपर्यंत मी चारदा दारात. मीनाक्षी म्हणायची, कोणाची वाट बघता? पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडले की माझी पाचावर धारण बसायची. फोन वाजला की आधी घड्याळ बघायचो, मग उचलायचो. बघा, मला किती काळजी होती! पण एवढी काळजी करणाऱ्या माणसानं एक वाक्य बोलायचं होतं: मल्हारी, गाडी दोन दिवस ठेवून जा. कारण हवं ते सांगता आलं असतं. ऑइल, ब्रेक, काहीही. तेवढंही मला जमलं नाही. गाडी आली असती तर मला बघावं लागलं असतं, आणि बघायचीच तर भीती होती. न बघता निदान ‘भरला असेल’ म्हणता येत होतं.

आता मी जिथं यायला घाबरतोय तिथं यायला हवं.

गाडी बांधल्याला पाच वर्षं झाली होती. तमिळ आडि महिन्याची अठरावी तारीख. त्या दिवशी इकडं सगळी माणसं कावेरीवर जातात, नदीला हळद-कुंकू वाहतात, चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात डब्यांतून नेऊन काठावर बसून खातात. आम्ही दोन्ही घरं मिळून तिरुवैयारुला गेलो होतो. रविवार होता. आम्ही बसनं, मल्हारी सुभद्रेला घेऊन गाडीवर. माझी गौरी तेव्हा दहाची, सुभद्रा नवाची. दिवसभर दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. निघायची वेळ झाली तेव्हा पावणेपाच झाले होते. बसला ही गर्दी. मल्हारी म्हणाला, दोन्ही पोरींना मी नेतो, तुम्ही सावकाश या. मी हो-नाही म्हणायच्या आत दोघी टुणकन गाडीवर. सुभद्रा मध्ये, गौरी मागं.

मल्हारीनं किक मारली आणि मी ओरडलो, “थांब!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीनाक्षी, मल्हारीची बायको, शेजारी डबे आवरणारी माणसं. काय सांगायचं? माझ्या तोंडून निघालं, “राहुकालम् सुरू झालंय. गौरी, उतर खाली.”

मी जन्मात कधी राहुकाळ पाळला नव्हता. वडील पाळायचे, मी त्यांची थट्टा करायचो. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ असतो, हे कुठून डोक्यात आलं देव जाणे. गौरीनं डोळे मोठे केले. “अप्पा, तुम्ही कधीपासून राहुकालम् बघतांत?”

मल्हारी तर हसायलाच लागला. “अण्णा, राहुकालम् घरून निघतांना बघायचं. आम्ही सकाळींच निघालों की! परततांना काय त्याचं?”

बरोबर होतं त्याचं. इथं सगळे तसंच मानतात, निघालेल्याला राहुकाळ बाधत नाही. त्या क्षणी माझ्यापुढं दोन दरवाजे होते. खरं बोलायचं, म्हणजे दोन्ही पोरी खाली. नाही तर गप्प बसायचं, म्हणजे दोन्ही पोरी वर. मी तिसरंच केलं. पुढं गेलो, गौरीच्या दंडाला धरलं आणि तिला ओढून खाली घेतलं. “माझी मुलगी बसनं येईल,” म्हणालो. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. ती रडायला लागली.

सुभद्रा गाडीवरच होती. जागा मोकळी झाली म्हणून खूष होऊन मागं सरकली, पाय लांब केले, आणि मला हात करून म्हणाली, “काका, टाटा!”

मी तिला हात केला. गाडी गेली.

वाचलंत ना? मला माहीत नव्हतं, असं मी आता कोणत्या तोंडानं म्हणू? माहीत नव्हतं तर गौरीला का उतरवलं? आणि माहीत होतं तर — सुभद्रेच्या दंडाला धरायला माझा दुसरा हात मोकळाच होता.

तिरुवैयारु ते तंजावर पाच नद्या लागतात, पाच पूल. पुलाच्या जोडावर गाडी आपटते, मानेवर हादरा बसतो. मी बसच्या खिडकीत बसून एकेका पुलावर बाहेर बघत होतो. कठडा धड आहे का? रस्त्यावर माणसं जमलीत का? काळं काही पडलंय का? गौरी माझ्याशेजारी हुंदके देत होती. तिला जवळ घ्यायचं मला सुचलं नाही. तिसऱ्या पुलानंतर बस थांबली, पुढं गर्दी होती. मी खिडकीबाहेर मान काढून बघितलं. बैलगाडीचं चाक निखळलं होतं. बस पुढं निघाली. आणि त्या सगळ्या वेळात, सांगायला लाज वाटते, माझ्या भीतीच्या तळाशी एक समाधान होतं. गौरी इथं आहे, माझ्याशेजारी आहे.

घरी पोचलो तर सुभद्रा ओट्यावर बसून मुरुक्कू खात होती.

दुसऱ्या दिवशी सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. आणखी दोन वर्षं गेली. दोन वर्षं! शेवटी मल्हारीच गाडी घेऊन आला, कोणा स्कूटरवाल्यानं धडक देऊन रंग खरवडला म्हणून. त्याला घरी पाठवलं, भर दुपारी शटर खाली ओढलं आणि ग्राइंडर लावला. पुट्टी उडाली. खाली तीनच टाके होते. एका टाक्याला आरपार चीर गेली होती, तिच्यात गंज होता. म्हणजे ती चीर जुनी होती. दुसरा नखाएवढा उरला होता. मी फरशीवर बसलो तो किती वेळ उठलोच नाही. मग उठलो, पाठीवर निजलो, सांधा गोल सगळीकडून भरला, घासला, रंगवला. दिसेनासा केला.

मल्हारी गाडी घेऊन एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “अण्णा, हँडल कसं घट्ट झालंय! काय केलांत?” मी म्हणालो, बेअरिंगला ग्रीस दिलं. तो गल्लीभर सांगत सुटला, अण्णांच्या हातात जादू आहे. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

भीती तेव्हाच संपायला हवी होती. गाडी आता पक्की आहे, माझ्याहून जास्त टिकेल. पण ती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. गौरी अजून कोणाच्या गाडीवर बसत नाही. मोटारसायकली बांधणाऱ्याची मुलगी कॉलेजला बसनं जाते. आणि सुभद्रा? ती राहुकाळ पाळते. बोर्डाच्या परीक्षेला घड्याळ बघून, राहुकाळ लागायच्या आत, दीड तास आधी घराबाहेर पडायची. तिच्या आईला म्हणाली म्हणे, काका मशीनचा माणूस, तो मानतो म्हणजे त्यात काहीतरी असणार. हे मीनाक्षीनं मला कौतुकानं सांगितलं.

सुभद्रा आता सोळाची आहे. वर्षभर ती मोबाइलवर बघून देवनागरी शिकतेय, आपली भाषा आपल्या अक्षरांत वाचायची म्हणून. परवा वर्कशॉपमध्ये आली, पायऱ्यांवर बसली आणि म्हणाली, “काका, छापलेलं आतां येतं मला. हातानं लिहिलेलं वाचायला कांहीं द्या. गल्लींत तुम्हीच एक लिहितांत.” मी म्हणालो, रविवारी ये.

सुरुवातीला मी म्हणालो की तुम्ही मला ओळखत नाही. ते खोटं होतं. आज शनिवार आहे. याआधी दोनदा हे लिहिलं आणि दोनदा पानं फाडली. आता वहीत पुढं फाडण्याजोगी फार पानं उरली नाहीत. अक्षर बिघडलंय, तिला लावायला जड जाईल. उद्या ती वाचेल, मग मल्हारीला कळेल, मग गौरीला. साडेचारनंतर येऊ नकोस, राहुकाळ असतो, असं मी तिला सांगितलेलं नाही.

सुभद्रा, अडखळत का होईना, तू इथपर्यंत आली असशील. त्या दिवशी राहुकाळाचं काही नव्हतं. ती गाडी मोडू शकते हे मला माहीत होतं. म्हणून मी गौरीला खाली उतरवलं. तुला नाही उतरवलं.